अर्ध्या किलोचा चाप

मिरचीचा हंगाम लागला की नंदुरबारात सगळ्यात आधी माझ्या नाकाला कळतं. गावाबाहेर पथाऱ्या पडतात, म्हणजे मोकळ्या माळावर ओली लाल मिरची वाळत घालतात, नजर जाईल तिथवर तांबडं. वारा गावाकडे वळला की बँकेतला साहेब, न्हाव्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक, मयताला खांदा दिलेली माणसं, सगळी एका दमात शिंकतात. त्यात माझी शिंक वेगळी ओळखू येते. बायको आतून म्हणते, "पत्रा उडी जाई, जराक हळू."

यंदाही लागला हंगाम. मी दुकानात बसून शिंकतोय आणि हातात धरलेला स्क्रू ड्रायव्हर दर शिंकेला भलतीकडे जातोय. पूर्वी मला याचं हसू यायचं. आता शिंक आली की मी आधी हाताकडे बघतो, की बाबा, काही फिरवलं तर नाहीस ना.

दोन वर्षांमागे याच दिवसांत या हातांनी एक पिस्तूल जुळवलं होतं. खून करायचं नाही, हवेचं, स्पर्धेतलं. दहा मीटरवरच्या कागदावर छर्रा मारायचा, साठ वेळा. मोलगीकडच्या डोंगरातली जमना नावाची पोरगी ते चालवणार होती. राज्याच्या स्पर्धेत तिच्या गुणांचा आकडा ठरल्याएवढा बसला असता तर मोठ्या शहरातल्या खेळाच्या वसतिगृहात तिला जागा होती, राहणं, जेवण, पुढचं शिक्षण. नाही बसला तर घरच्यांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला. मधलं काही नव्हतं. या दोन वाटांच्या मध्ये एक बारकासा स्क्रू होता आणि तो फिरवायला त्यांना अख्ख्या जिल्ह्यात मीच सापडलो.

मी शाळेत गेलो तो एकदाच, वर पत्रे ठोकायला. खाली गुरुजी पोरांकडून पाढे म्हणवून घेत होते, तेवढं माझं शिक्षण. तेही उन्हात, उताणं नाही तर पालथं पडून. धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. लोक म्हणतात रमण मिस्तरीच्या हातात कला आहे. कला वगैरे काही नाही. मशीन बिघडलं की मी त्याला शिव्या देतो, ते घाबरून चालू होतं. जी घाबरली नाहीत ती अजून दुकानात मागे पडलेली आहेत, येऊन मोजा.

जगन सर म्हणजे आमच्या इथल्या शाळेचे खेळाचे मास्तर, मूळचे ब्राह्मणपुरीचे. एक दिवस स्कूटरवर पत्र्याची पेटी बांधून दुकानापुढे उभे.

"रमण, तू स्प्रिंग ओळखस ना?"

"सर, बायकोले सोडीसन मी सगळं ओळखस."

"मंग हाई देख," म्हणत त्यांनी पेटी उघडली. आत पाच पिस्तुलं. कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबने दान केलेली. बायकोने दारातून पाहिलं आणि हात धुऊन घेतले, जसा काही मीच दरोडा घालून आलो. "बंदुकीस्मा कसाले पडतस? मशीनी काय कमी शेतस का?"

बरोबर बोलली होती. तिचं बरोबर बोलणं मला नेहमी दोन वर्षांनी कळतं.

पाचातलं एक निवडायचं होतं. प्रत्येकाला बाजूने एक दांडी. ती ओढून मिटवली की आत हवा कोंडते, एका वेळेला एकच छर्रा. एकाची दांडी ओढली की हवा माझ्यासारखी, आवाज मोठा आणि जोर काही नाही. दुसऱ्याचं वायसर वाळून त्याचा भुगा झालेला. तिसऱ्याची नळी आतून गंजलेली. उरली दोन. एक चकचकीत, चांदीच्या वाटीसारखं, आणि एक काळं, ओरबाडलेलं, मुठीचं लाकूड चिरलेलं. मी चकचकीत उचललं. मी लग्नातही घोडा तसाच निवडला होता, सजवलेला, आणि त्याने मला मांडवाऐवजी पाणवठ्यावर नेलं होतं.

सरांनी जमनाला बोलावलं. सतरा वर्षांची, बारावीला, डोक्याला घट्ट तेल, पायात इथल्या आदिवासी वसतिगृहाची चप्पल. बोलायची पुस्तकातलं मराठी, अगदी धुतलेलं. तिच्यापुढे माझी भाषा मला गॅरेजमधल्या फडक्यासारखी वाटायची.

सर म्हणाले, "डोळे मीट. हात वर कर, जसा आपोआप जाईल तसा. आता उघड आणि बघ, माशी कुठे आहे."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा बारका खुंट, त्याच्याने नेम धरतात. तिने चकचकीत उचललं, डोळे उघडले, मान हलवली. काळं उचललं, डोळे उघडले आणि हात तसाच ठेवला.

"हे," म्हणाली.

"का गं?" मी विचारलं.

"हे आधीच तिकडे बघतंय, काका."

मग मीही करून पाहिलं. डोळे मिटले, हात उचलला, उघडले. पिस्तूल सरांच्या पोटाकडे बघत होतं. सर बाजूला सरकले आणि त्यांनी पेटी बंद केली.

सराव मिरचीच्या एका रिकाम्या गोदामात. भिंतींनाही ठसका. सर शिंकायचे, मी शिंकायचो, कागद लावायला जावं तर छर्रा राहू दे, आमच्या शिंकेनेच कागद हलायचा. जमना शिंकत नसे. मी म्हटलं, तुझं नाक डोंगरातलं, मजबूत. ती म्हणाली, "येते शिंक. छर्रा सुटेपर्यंत थांबवते." आणि खरंच, टप् असा आवाज यायचा, हात हळू खाली यायचा आणि मग ती भिंतीकडे तोंड करून एकदाच शिंकायची, कुणाला त्रास नको म्हणून लहानशी.

ती मुठीत पिस्तूल धरायची तेव्हा अंगठ्याखाली पोकळी राहायची. मूठ कुणा पुरुषाच्या पंजाची होती. मला शिसवाचा भुसा आणि डिंक माहीत. भुसा-डिंक थापायचा, वाळला की कानशीने घासायचा. कुठे लागतं, कुठे नाही हे कळायला तळहाताला रंग लावून मूठ धरायची, रंग उठेल तिथलं काढायचं. आता रंग म्हणून गोदामात जे लाल पडलेलं होतं तेच मी आधी माझ्या हाताला फासलं. मूठ धरून पाहिली, छान ठसा उठला. आणि त्याच हाताने घाम पुसला. डोळ्यांत मिरची गेलेला माणूस नाचतो कसा ते जमनाने त्या दिवशी पाहिलं. ती हसली म्हणजे किती हसली, खाली बसली. तिला एवढं हसताना मी पुन्हा बघितलं नाही, म्हणून डोळ्यांची ती आग मी केव्हाच माफ केली. मग बायकोच्या डबीतलं कुंकू आणलं आणि आठ दिवस घासत बसलो. शेवटी मूठ अशी बसली की पिस्तूल तिच्या हाताला उगवल्यासारखं दिसायचं.

संध्याकाळी पथाऱ्यांवर बायका मिरच्यांची देठं खुडत बसायच्या, तोंडाला पदर बांधून. जमना वसतिगृहाकडे परत जाताना त्यांच्यामधून जायची आणि त्या तिला त्यांच्या बोलीत हाका मारायच्या. त्यातल्या बऱ्याच तिच्याच डोंगरातल्या. ती थांबायची, दोन मुठी खुडू लागायची. मी ओरडायचो, अगं बोटं जपायची आहेत, आग होईल. ती म्हणायची, "यांची पण बोटंच आहेत, काका." मला विनोद सुचतो सगळीकडे, तिथे सुचायचा नाही.

आता चाप. चाप म्हणजे ट्रिगर, बोटाने ओढतात तो. तो जितका हलका तितका नेम हलत नाही. पण नियम आहे, अर्धा किलो वजन चापाला अडकवून पिस्तूल सरळ वर उचलायचं, वजन जमिनीवरून सुटलं पाहिजे आणि चाप सुटता कामा नये. सुटला तर पिस्तूल बाद. म्हणजे चाप अर्ध्या किलोच्या खाली नको, आणि फार वरही नको.

हे काम माझ्या ओळखीचं निघालं. शिलाई मशीनची बॉबिन केस धाग्याला लटकवून हलकासा झटका द्यायचा, दोन बोटं खाली सरकून थांबली पाहिजे. भसकन गेली तर ढिली, जागची हलली नाही तर टाईट. तीस वर्षं मी हेच करतोय. चापाचाही स्क्रू मी तसाच लावला, अर्धा आटा, पाव आटा, श्वास धरून. मोजायला वजन हवं होतं. सरांकडे नव्हतं. माझ्या हत्यारांच्या पिशवीत लोखंडी अर्धा किलो पडलेला होता. फार जुना, मी त्यावर पिना ठोकून सरळ करायचो. छत्रीच्या तारेचा आकडा केला, वजन लटकवलं, जमनाला म्हटलं उचल. तिने उचललं. चाप राहिला. पाव आटा कमी केला. राहिला. अजून केसभर कमी. राहिला. पुढे गेलो तेव्हा टक् करून सुटला, तिथून केसभर मागे आलो आणि रंगाचा ठिपका देऊन स्क्रू बंद केला.

"थोडा वर ठेव, रमण," सर म्हणाले. "पाचशेना वर वीस-तीस ऱ्हाऊ दे."

"सर, बरोबर म्हणजे बरोबर. वर कसाले?"

तेव्हा मी स्वतःला फार मोठा कारागीर समजत होतो. अक्षर न ओळखणारा माणूस बरोबर या शब्दावर फार जीव टाकतो.

दिवाळीनंतर जमनाचा बाप येऊन गेला. गोदामाच्या दाराशी उकिडवा बसला, पोरीला नेम धरताना पाहिलं आणि सरांना म्हणाला, "मुकादमाची दुसरी गाडी भरते तोवर ठेवतो, सर. कोयत्याला हात कमी पडतो." सर म्हणाले, स्पर्धा त्याच्या आधी आहे, आकडा बसला की तिला गाडीत बसावं लागणार नाही. बापाने मान हलवली. त्याला पटलं होतं की तो फक्त ऐकत होता, मला सांगता येणार नाही.

स्पर्धेचं शहर मोठं, हॉल थंडगार, एक शिंक नाही. इतर पोरींची पिस्तुलं गादीच्या पेट्यांत झोपलेली, खाली हवेच्या नळकांड्या लावलेल्या, दांडी ओढायची भानगडच नाही. आमचं टॉवेलात गुंडाळलेलं. त्या टॉवेलावर शेजारच्या पतपेढीचं नाव होतं, मी ते आतल्या बाजूला दुमडलं.

सकाळी तपासणी. टेबलावर तपासणीच्या साहेबाचं वजन, गोल, चकचकीत. जमनाने आकडा लावून उचललं. टक्. पहिला प्रयत्न गेला. पुन्हा. टक्. तीनच वेळा उचलू देतात. तिने श्वास घेतला, इतकं हळू उचललं की मला वाटलं वजन नाही, टेबलच वर येतंय. राहिला. साहेबाने पिस्तुलाला पास झाल्याचं स्टिकर लावलं.

बाहेर आल्यावर सरांचा चेहरा उतरलेला. "एक आटा कस. फक्त एक."

"सर, आते हात लावा तं पोरीना हात चुकी जाई. तिना बोटले सवय व्हयेल शे." आणि वर मी विनोद केला की आमच्या पिस्तुलाला गर्दीत लाज वाटते, म्हणून दोनदा पडलं. जमना हसली नाही. माझ्याकडे बघत होती, काही विचारायचं असल्यासारखी. मी विचारलं नाही काय ते.

साठ छर्रे. मी मागच्या खुर्चीत होतो, दर वेळी ती दांडी ओढायची तेव्हा माझाही दंड आवळायचा. शेजारणी बोटाने बटण दाबल्यासारख्या मारत होत्या आणि ही दर वेळी विहिरीतून बादली काढल्यासारखी हवा भरत होती. पण हात खाली यायचा तो शांत. सर वहीत आकडे मांडत होते. चाळिसानंतर ते दर आकड्याखाली रेघ मारायला लागले. साठावा गेला आणि सर उठून उभे राहिले. आकडा बसला होता. चांगला बसला होता. सरांनी माझा खांदा असा दाबला की दोन दिवस दुखत होता.

मग स्पर्धेवाल्यांनी चिठ्ठ्या काढल्या. संपल्यावर काही जणांची पिस्तुलं पुन्हा तपासतात, चिठ्ठीत नाव येईल त्याचं. जमनाचं आलं. तेच टेबल, तेच वजन. सकाळी थंडीने आतलं ग्रीस घट्ट होतं, त्याच्या जोरावर चाप कसाबसा राहिला होता. साठ छर्ऱ्यांत ते मऊ झालं. टक्. टक्. तिसऱ्या वेळी तिने सकाळपेक्षाही हळू उचललं.

टक्.

साहेब वाईट नव्हता. त्याने डोळे खाली घातले आणि तिच्या नावापुढे बाद लिहिलं. मला वाचता येत नाही, पण ते वाचता आलं. जमना रडली नाही. पिस्तूल टॉवेलात गुंडाळलं, मला म्हणाली, "काका, तुमचे ओठ वाळलेत, पाणी आणू?"

परत आल्यावर मीच ते लोखंडी वजन घेऊन समोरच्या मिरचीच्या व्यापाऱ्याकडे गेलो आणि त्याच्या इलेक्ट्रिक काट्यावर ठेवलं. चारशे ब्याऐंशी. त्याने काटा पुसला, पुन्हा ठेवलं. चारशे ब्याऐंशी. मी वजन पालथं केलं. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरून वजन पुरं करतात आणि त्यावर सरकारी शिक्का मारतात. इथे शिक्का होता, पण नखाने खरवडलं तर शिसं निघेना, लाख निघाली. काजळी मिसळलेली लाख, रंग अगदी शिशाचा.

अशी काजळी मिसळायची युक्ती या भागात एकाच माणसाला माहीत होती.

तरुणपणी मी मोलगीच्या बाजाराला जायचो. जीपच्या टपावर बसून, मांडीत हत्यारांची पिशवी. मशीन, छत्र्या, बॅटऱ्या, जे येईल ते. मीठ-गूळ-सुकट विकणारा एक शेठ होता. तो दर काही दिवसांनी वजनं द्यायचा, शिसं काढून लाख भरायला. मी भर बाजारात त्याच्या दुकानाच्या ओट्यावर बसून ते काम करायचो. लोक पुढ्यात रांगेत उभे, डोंगरातून पायी आलेले. मी त्यांना गोष्टी सांगायचो, माझ्याच फजितीच्या, ते पोट धरून हसायचे आणि माझा हात तेवढ्यात शिसं काढून घ्यायचा. शेठ मला भजी खाऊ घालायचा. पुढे त्याने इलेक्ट्रिक काटा आणला आणि जुनी वजनं माझ्याच पिशवीत टाकली, भंगार म्हणून. मी काम इतकं साफ केलं होतं की मलाच ओळखू आलं नाही.

सरांना सांगितलं. त्यांनी चालू केलेली स्कूटर बंद केली. मग म्हणाले, "तू एक आटा कसाले नही कसा, रमण?" त्यांची पुढे बदली झाली. गोदामात आता मिरची आहे. पेटी माझ्या दुकानात, पाचही पिस्तुलं तेल देऊन ठेवलेली. चुकून कुणी शाळेतलं विचारायला आलं तर मी सांगतो, चाप नीट आहेत, नव्या वजनावर मोजलेत. अजून तरी कुणी दुसऱ्यांदा आलं नाही.

त्या हंगामातच मी मोलगीला गेलो होतो, वजन पिशवीत घेऊन. अक्कलकुव्याहून जीप, बाजाराचा दिवस. मुकादमाची गाडी बाजाराच्या टोकाला उभी होती, वर भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं. जमना खाली उभी राहून वर बोचकी देत होती. अंगात वसतिगृहाचंच स्वेटर. मला पाहून तिने चप्पल नीट केली, शिक्षक आल्यावर करतात तशी.

मी सगळं सांगितलं. गोष्ट सांगायची सवय, पण ही सांगताना दोनदा अडकलो. तिने आईला त्यांच्या बोलीत सांगितलं. आई गाडीवरूनच ऐकत होती. तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि हसली. काहीतरी बोलली.

"आई म्हणते, तुम्हाला ओळखलं. तुम्ही ओट्यावर बसून गोष्टी सांगायचात. सगळे फार हसायचे."

"आणि वजनाचं काय म्हणते?"

जमनाने विचारलंही नाही. "ते सगळ्यांना माहीत होतं, काका."

वरून बापाने हात दिला. ती चढायच्या आधी मी विचारलं, "तुला तरी चाप हलका लागला नव्हता का गं?"

"सकाळी तिथलं वजन हातात घेतलं तेव्हाच कळलं. आपलं त्याच्यापेक्षा हलकं होतं."

"मग बोलली का नाहीस? सर तर स्क्रू कसायला सांगत होते."

तिला प्रश्न कळला नाही असं मला वाटलं. मग ती म्हणाली, "तुम्ही मोजून दिलं होतं ना."

गाडी सुरू झाली. मी बाजूने चार पावलं चाललो आणि म्हटलं, पुढच्या हंगामाला ये, मी सगळं नीट करून ठेवतो, सरांशी बोलतो, वयाचं काही बघू.

"हो," ती वरून म्हणाली. डोंगरातली माणसं आम्हाला असंच हो म्हणतात.